मधली जागा

सिडको, नाशिक
१४ जानेवारी २०१८

दत्तूदादा,

फोन लावून लावून माझं बोट झिजलं. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' म्हणणाऱ्या त्या बाईशी आता माझी इतकी ओळख झाली आहे, की आज संक्रांतीचा तिळगूळ तिलाच पाठवावा म्हणते. तू नंबर बदललास, कुणाला सांगितला नाहीस. पण पेठ-धरमपूर जीप चालवणाऱ्या सोमनाथच्या पोटात काही राहतं का? त्यानं सांगून टाकलं. धरमपूरच्या पुढे आंब्याच्या वाडीवर राखणदार आहेस, एक कुत्रा पाळला आहेस आणि दाढी वाढवली आहेस. दाढी काढ. तुला शोभत नाही, बाबांनाही शोभली नव्हती.

तर ही चिठ्ठी मी पेठच्या बसच्या कंडक्टरकडे देणार, तो स्टँडवर सोमनाथकडे देणार आणि सोमनाथ तुझ्याकडे. मधे कुणी फोडून वाचली तर वाचो बापडा, मला लाज वाटण्यासारखं यात काही नाही.

मुद्द्याचं आधी लिहिते, कारण तू अर्ध्यात कंटाळून बाजूला ठेवशील. एप्रिलच्या सुरुवातीला गावात बोहाडा आहे, मुखवट्यांच्या सोंगांची ती रात्र. बाबा गेल्यावर देवीचं सोंग तुझ्याकडे आलं. त्या पहिल्याच वर्षी रिंगणात सांडलेल्या तेलावरून तुझा पाय घसरला, तू पडलास, मुखवट्याच्या मुकुटाची एक पाकळी तुटली आणि त्याच दुपारी तू गाव सोडलंस. त्यानंतर दोन बोहाडे आपल्या घरचं सोंग उभं राहिलं नाही. यंदाचं तिसरं वर्ष. गावचा नियम तुला मी सांगायला नको. तिसऱ्या वर्षीही घरानं सोंग उभं केलं नाही, तर मुखवटा डोहात सोडायचा आणि ते सोंग कायमचं बंद. मग दुसऱ्या कुणाच्या घरात देवी जात नाही. ती गावातूनच जाते.

झालं. एवढंच सांगायचं होतं. ये म्हणत नाही. तुला कुणी ये म्हटलं की तू उलट्या दिशेला चालायला लागतोस, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

नोकरी लागली तेव्हा तू विचारलं होतंस, "ते कॉम्प्युटरवर तू नेमकं करतेस काय गं?" मी म्हटलं होतं, तुला नाही कळणार. आता वेळ काढून सांगणार आहे. वाडीवर दुसरं काय करतोस तू? आंबे तर अजून मोहरातच असतील.

तृप्ती


४ फेब्रुवारी

दत्तूदादा,

सोमनाथ म्हणाला, वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं, बोलला काही नाही. चालेल. माझं ऑफिसही असंच आहे, तिथंही मी बोलते आणि बाकीचे मान डोलावतात.

ऑफिस म्हणजे इथंच अंबडला एका कारखान्याच्या वरचा मजला. खाली दिवसभर प्रेस मशीन दणाणत असतं, वर आम्ही सहा-सात जण जावामध्ये वेबसाइटच्या मागचं काम करतो. योगेश सर मालक. माझ्या शेजारी पायल बसते. मालेगावची आहे, तोंडानं माझ्यापेक्षा फटकळ, म्हणजे बघ.

आमच्याकडे एका शिक्षणसंस्थेचं मोठं काम आहे. त्यांच्या शाळा, वसतिगृहं, मुलांची हजेरी, निकाल, जेवणाचा साठा, सगळं ब्राउझरवर चालतं. शे-सव्वाशे पानं असतील. आता नीट ऐक. प्रत्येक पानाला वर संस्थेच्या नावाची पट्टी. डावीकडे कुठं कुठं जायचं त्याची यादी. खाली पत्ता आणि फोन. आणि मधे त्या पानाचं स्वतःचं काम, कुठं हजेरी, कुठं निकाल. म्हणजे प्रत्येक पानात फक्त मधला भाग वेगळा.

पण ज्यांनी हे दहा वर्षांपूर्वी बांधलं त्या महाभागांनी काय केलं? वरची पट्टी, डावी यादी, खालचा पत्ता, सगळं प्रत्येक पानात पुन्हा पुन्हा चिकटवलं. प्रत्येक पान आपापलं डोकं आणि पाय घेऊन उभं. आणि आता संस्थेनं पुन्हा नाव बदललं. कपाळ माझं! प्रत्येक फाइल उघडायची, जुनं नाव खोडायचं, नवं लिहायचं. मागच्या वेळी हे केलं तेव्हा काही पानं सुटली. सुरगाण्याकडच्या एका वसतिगृहाच्या बाईंनी फोन केला, "मॅडम, आम्ही अजून जुन्याच संस्थेत आहोत का?" इतक्या काळजीनं विचारलं बिचारीनं, मला हसूही येईना.

तर सर म्हणाले, तृप्ती, यावेळी टाइल्स बसव. फरशीच्या नव्हेत रे. ही जावामधली एक सोय आहे. जुनी झाली आता, पण आमचं काम तरी कुठं नवं आहे? ती अशी चालते. एकाच फाइलमध्ये सगळी चौकट लिहून ठेवायची. वर हे, डावीकडे हे, खाली हे आणि मधे एक मोकळी जागा. दुसऱ्या एका फाइलमध्ये फक्त सांगायचं, की हजेरीचं पान म्हणजे तीच चौकट, मधे हजेरी. निकालाचं पान म्हणजे तीच चौकट, मधे निकाल. बस्स. कुणी पान मागितलं की ती सोय चौकट उचलते, मधल्या जागेत जे सांगितलंय ते आणून ठेवते आणि अख्खं पान जोडून समोर करते. मागणाऱ्याला पत्ताही लागत नाही की हे आत्ता जोडलंय.

हे वाचून तू म्हणशील, यात काय मोठंसं? मीही तेच म्हटलं होतं. तोंडावर पडले.

आई बरी आहे. मागच्या आठवड्यात गावी गेले तेव्हा नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी बांधून दिली होती, ती मी बसमध्येच संपवली. सावळघाट चढायच्या आत.

तृप्ती


२५ फेब्रुवारी

दादा,

नाकी नऊ आले. ती सोय आणली, चौकट लिहिली, मधली जागा ठेवली, पानांची नावं लिहिली, सर्व्हर चालू केला, हजेरीचं पान उघडलं. तर नुसती हजेरी! वर पट्टी नाही, खाली पत्ता नाही. आंघोळीहून टॉवेल गुंडाळून बाहेर आल्यासारखं उघडं पान. पायल म्हणाली, "अगं, निदान सदरा तरी घाल त्याला."

दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी कळलं. कुणी पान मागितलं की ते कुठून आणायचं हे सांगणारा एक कोडचा तुकडा आत असतो, माणूसच समज. आमच्याकडे जुना होताच, मी नवा आणला. पण रांगेत जुना पुढे उभा. तो म्हणतो, हजेरी ना? ही घ्या हजेरी. फाइल उचलतो आणि तशीच देतो. नव्याचा नंबरच लागत नव्हता. मी नव्याला पुढे आणला, जुन्याला मागे, एका आकड्याचा फरक. एवढ्यासाठी दोन दिवस!

मग पान आलं. पण काय आलं! जुन्या पानानं आपलं स्वतःचं डोकं सोडलं नव्हतं आणि चौकटीनं नवं डोकं दिलं. एका पानावर संस्थेचं नाव वर, पुन्हा मधे. यादीच्या शेजारी यादी. बाजारात एकावर एक टोप्या घालून विकणारा असतो ना, तसं. मग बसले एकेका पानाचं जुनं डोकं आणि पाय काढत. पायलनंही हात लावला. काढता काढता काही पानं इतकी छोटी झाली की काय सांगू. एवढाल्या पसाऱ्यात स्वतःचं म्हणावं असं मूठभरच निघालं.

आणि परवा, दादा. परवा सगळी पानं चौकटीत आली. योगेश सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "आता नाव बदल." मी चौकटीच्या वरच्या पट्टीची ती एकच फाइल उघडली, जुनं नाव काढून नवं लिहिलं आणि जतन केलं. हजेरी उघडली, नवं नाव. निकाल उघडला, नवं नाव. साठा, बदल्या, सुट्ट्या, वह्यावाटप. मी उघडत गेले, उघडत गेले. सुरगाण्याच्या त्या बाईंच्या वसतिगृहाचं पान उघडलं, तिथंही नवं नाव. मी त्या पानाला हातसुद्धा लावला नव्हता रे.

माझ्या अंगावर काटा आला. खरंच सांगते. सर कधीच आपल्या टेबलाकडे गेले होते, त्यांना यात नवल नव्हतं. पायल म्हणाली, "आता बास की, किती वेळा बघशील?" पण माझं मन भरेना. मी हे वर्गात शिकले, परीक्षेत लिहिलं आणि तरी डोळ्यांनी पाहिलं तेव्हा तोंडात बोट गेलं. कुठंतरी एका जागी एक शब्द हलतो आणि तिकडे डोंगरापलीकडे एक बाई सकाळी पान उघडते, तिला तो दिसतो. तिला कुणी जाऊन सांगायची गरज नाही.

तुला हे सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मंग पगार वाढवतील का?" आता बोल.

तृप्ती


१८ मार्च, पाडवा

दादा,

सोमनाथनं काल फोन केला. म्हणाला, ताई, यावेळी दत्तू बोलला. मी इथं कॉटवरून उठून बसले. काय बोलला? तर म्हणे, "तृप्तीला विचार, मधल्या जागेत ठेवायला काहीच नसलं तर पान कसं दिसतं?"

एवढंच. तीन पत्रांना मिळून एक प्रश्न. तोही सोमनाथच्या तोंडून. आगाऊ कुठला! पण प्रश्न ऐकल्यापासून मला घास गोड लागला नाही. आज सुट्टी असून ऑफिसात गेले, किल्ली असते माझ्याकडे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर करून बघायला.

एक पान लिहिलं. चौकट दिली, मधे काय ठेवायचं ते सांगितलंच नाही. उघडलं. अख्खं पान कोसळलं! पांढऱ्या पडद्यावर नुसती एररची लांबलचक बडबड. वरची पट्टी नाही, यादी नाही, काही नाही. मधलं मिळालं नाही म्हणून ती सोय बाकीचंही मांडायला तयार नाही. पहिलं उत्तर हे, दादा. काहीच नसलं तर सगळंच मोडतं.

पण ज्यांनी ही सोय बनवली त्यांनी हा विचार केलेला आहे. चौकटीत मधल्या जागेपाशी एक शब्द जास्तीचा लिहायचा. त्याचा अर्थ, इथलं आलं नाही तर थांबू नका, रागावू नका, बाकीचं उभं करा. मी तो शब्द लिहिला आणि पुन्हा उघडलं. वर पट्टी आली. डावीकडे यादी आली. खाली पत्ता आला. आणि मधे मोकळं. स्वच्छ, पांढरं, चारी बाजूंनी धरून ठेवलेलं. मी बघत राहिले. रिकामी जागा इतकी नीट राखलेली मी एकदाच पाहिली होती. नाही, दोनदा.

आता जे लिहिते आहे ते आईनं लिहू नको म्हणून बजावलं होतं. "त्याला सांगू नको. दया येऊन आला तर काय कामाचं? त्याचं त्याला वाटलं तर येईल." म्हणून मी इतके दिवस पट्ट्या आणि याद्यांच्या गप्पा मारल्या. पण तू प्रश्न विचारलास. मग मी उत्तर देणार. आईचं मी बघून घेईन.

तुला वाटत असेल, तू गेल्यावर देवीची पाळी आली की गाव पुढचं काहीतरी करून मोकळं होत असेल. किंवा तुझ्या नावानं बोटं मोडत असतील. असं काही झालं नाही. तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षी मी घरी होते. रात्रभर सगळी सोंगं झाली. उजाडलं. उन्हं अंगणात आली, देवीची वेळ झाली. मला वाटलं, आता पांगतील लोक. तर म्हाताऱ्या बहिरूबाबांनी संबळ उचललं. तेच संबळ, तोच देवीचा ताल. कुणीतरी हळूच म्हणालं, "बाबा, सोंग नाय ना." बहिरूबाबा म्हणाले, "सोंग नाय, पर पाळी हाय. पाळी चुकवायची नाय."

आणि रिंगण सुरू झालं. पिपाणीवाला पुढे, टेंभेवाले दोन्ही बाजूंना, उन्हातसुद्धा टेंभे पेटवलेले. आणि मधे कुणी नाही. माणसं देवीच्या चालीनं चालत होती, तिच्यासाठी जेवढी जागा सोडायची तेवढी सोडून. एक पाऊल कुणी आत टाकलं नाही. देवी जिथं थांबते तिथं सगळे थांबले. बायका ताटं घेऊन पुढे आल्या आणि त्या मोकळ्या जागेला ओवाळलं. एकेक बाई वाकून जमिनीला हात लावत होती. आईनं पण लावला. दादा, आई त्या मातीवर कपाळ टेकून इतका वेळ राहिली, मला वाटलं उठतच नाही.

दुसऱ्या वर्षीही असंच. मुकुटाची पाकळी बहिरूबाबांनी केव्हाच बसवून दिली आहे. मुखवटा देवळाच्या खोलीत टोपलीत आहे. दोन्ही वर्षं कुणी तुला नावं ठेवली नाहीत. ठेवली असती तर मी सोडलं असतं का? मीच आधी भांडले असते आणि मग तुला पत्र लिहून त्यांची नावं कळवली असती.

तुला गावानं हाकललं असं तू धरून बसलास. गाव तुझी जागा धरून बसलंय.

आज योगेश सरही अचानक ऑफिसात आले, पाडव्याचे पेढे घेऊन. स्क्रीनवर माझं ते पान बघून म्हणाले, "हे रिकामं काय? गिऱ्हाइकाला रिकामी जागा दिसता कामा नये. 'लवकरच येत आहे' असं काहीतरी टाक." मी म्हटलं, "नको सर." ते म्हणाले, "का?" म्हटलं, "टाकते सर, उद्या." उद्या टाकेनही. पोटाचा प्रश्न आहे. पण आज एक दिवस ते तसंच राहू दिलं.

हे तुझं उत्तर. आता तू काय ते ठरव.

तृप्ती


३१ मार्च

दादा,

सोमनाथ म्हणतो, यावेळी वाचून झाल्यावर तू घडी घातली नाहीस. बराच वेळ हातात धरून बसलास आणि मग कुत्र्याला घेऊन वाडीत आत निघून गेलास. यावरून मी काय समजायचं? सोमनाथला विचारलं तर म्हणतो, "ताई, मी जीपवाला. मला गिअरचं विचारा."

पुढच्या शनिवारी रात्री बोहाडा बसतो. देवी रविवारी उजाडल्यावर. सोमवारी आमचं नवं काम संस्थेकडे सुरू होणार, म्हणून मला रविवारची अकराची बस धरून परत यावं लागेल. सुट्टी मागितली तर सर म्हणाले, सोमवारी तू नसशील तर मी जीव देईन. देऊ दे म्हणावंसं वाटलं.

तुला भीती वाटत असेल. पुन्हा पडलो तर? मी तुला नाही पडणार असं खोटं सांगणार नाही. बाबासुद्धा एकदा पडले होते, आईनं मला आत्ता सांगितलं. तू तेव्हा झोळीत होतास. मुखवटा वाचला, बाबांचं ढोपर फुटलं. उठले आणि उरलेलं रिंगण लंगडत पुरं केलं. आई म्हणाली, "देवी लंगडली त्या वर्षी. लोकांनी तसंच ओवाळलं."

एवढं लिहून थांबते. हात दुखतोय. तू आला नाहीस तर रविवारी दुपारी मुखवटा डोहावर नेतील. मी तो बघायला थांबणार नाही, अकराच्या बसनं निघून येईन. हे धमकी म्हणून लिहीत नाही. खरंच माझ्याच्यानं बघवणार नाही.

तृप्ती


१० एप्रिल

दादा,

आता तू घरीच आहेस, फोनही घेतला आहेस म्हणे, तरी मी पत्र लिहिते. कारण एक गोष्ट तुला कुणी फोनवर सांगू शकणार नाही. तू मुखवट्याच्या आत होतास. त्या दोन भोकांतून तुला पायाखालची माती आणि टेंभ्यांचा उजेड, यापलीकडे काय दिसलं असेल? मी बाहेर होते. तुला काय झालं ते तूच पाहिलं नाहीस, माझ्या राजा. म्हणून सांगते.

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तू शनिवारी संध्याकाळीच सोमनाथच्या जीपनं येऊन बहिरूबाबांच्या घरात दडून बसलास हे आता कळलं. तो सोमनाथ! ज्याच्या पोटात काही राहत नाही तो रात्रभर माझ्या शेजारी शेंगा खात उभा होता आणि अवाक्षर बोलला नाही. त्याला मी सोडणार नाही.

उजाडलं. बहिरूबाबांनी संबळ घेतलं. सगळे पुन्हा तसेच जागा सोडून उभे राहिले, सवयच झाली होती. आईनं ताट घेतलं. माझी पिशवी पाठीवर, बसच्या वेळेकडे डोळा. मी मान खाली घातली होती. आणि समोरच्या बायांत एकदम कुजबुज थांबली. मी वर पाहिलं तर देवळाच्या खोलीच्या दारात देवी.

दादा, मी तुला ओळखलं नाही. खोटं कशाला लिहू? लोक म्हणतात चालीवरून ओळखलं, खांद्यावरून ओळखलं. मला काही ओळखू आलं नाही. हिरवं लुगडं, हातात तलवार, लाल मुखवटा, मुकुटावर ऊन. मला एवढंच कळलं की ती आली. माझे हात आपोआप जोडले गेले. व्हिडिओ काढायला फोन हातात होता, तो तसाच राहिला. पायलला दाखवायला माझ्याकडे काही नाही.

तू चालत आलास आणि दोन वर्षं माणसांनी जी जागा सोडली होती तीत बरोब्बर मावलास. कुणाला मागे सरकावं लागलं नाही. मग ती जागा आली, तिथं तू पडला होतास. तू थांबलास. सगळ्या गावाला माहीत होतं ती जागा कुठली. आणि बहिरूबाबा! तुला आतून ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी ताल पुढे नेलाच नाही. तीच एक थाप वाजवत राहिले. पुन्हा तीच, पुन्हा तीच. घाई नव्हती. तू पाऊल उचलेपर्यंत अख्खा बोहाडा त्या एका थापेवर थांबला होता. मग तू पाय उचललास, ठेवलास, आणि ताल पुढे गेला.

मी रडले. लिहायला काय हरकत आहे? सोमनाथही रडला, पण तो म्हणतो शेंगेचं साल डोळ्यात गेलं.

सोमवारी आमचं काम सुरू झालं, नीट चाललं. जिल्ह्यातून माणसं पानं उघडत होती, प्रत्येकाला चौकट मिळत होती, मधे ज्याचं त्याचं. सर खूश. मी स्क्रीनकडे बघत होते आणि माझ्या कानात ती एकच थाप वाजत होती. पायल म्हणाली, "कुठं हरवलीस?" मी म्हटलं, "गावी." तिला मी सगळं सांगितलं. ती, जी कशालाच कधी मानत नाही, ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मला घेऊन जाशील?" मी हो म्हटलं आहे. तिच्यासमोर तरी पडू नकोस.

आता शेवटचं, आणि हेच सांगायला पत्र लिहायला बसले.

ओवाळायला बायका पुढे आल्या तेव्हा तुझ्या पायांवर कितीतरी हात पडले असतील. त्यात एक आईचा होता. ती वाकली, कपाळ टेकलं. मी मागे उभी होते, मला वाटलं आता ही तुझे पाय धरून हंबरडा फोडते. तर नाही. शांतपणे उठली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि बाजूला झाली. मी तिला कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, "आई, पोराच्या पाया पडलीस की गं!"

ती माझ्यावर अशी खेकसली, की शेजारच्या बाया वळून बघायला लागल्या. "पोराच्या कशाला पडू? देवीच्या पडले. पोरगा सोंग उतरवून घरी येऊंदे. मंग त्याचा कान हाय नि माझा हात हाय."

मला अकराची बस होती, पुढचं बघायला मी नव्हते. सोमनाथ काल सांगत होता, कान अजून लाल आहे.

तृप्ती